आपल्या माणसाला कोण विचारणार?

विरोधकाला जाब विचारायला फारसं धाडस लागत नाही. आपली माणसं टाळ्या वाजवायला असतातच. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामसभेत बसलं की खरी अडचण कळते. तिथे ज्याला विचारायचं तो नात्यातला असतो, नाहीतर त्याच्याच ट्रॅक्टरने आपली पेरणी झालेली असते. गुलालही आपणच उधळलेला. ‘आबा, पाइपलाइनचं बिल दोनदा कसं निघालं?’ एवढंसं वाक्य घशात अडतं. धीर करून विचारलंच, तर मागून कुणीतरी म्हणतं, ‘आपल्यातलं आपल्यात मिटवू, सभेत कशाला?’ मला दमदाटीपेक्षा या मायेच्या सुराची जास्त भीती वाटते.

विचारायची कायद्यात सोय आहे. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजर हवीत. कोरम भरला नाही तर सभा तहकूब. मात्र तहकूब सभेला कोरम लागत नाही! त्यामुळे सभा भरण्यापेक्षा न भरण्यातच काहींचा फायदा असतो. पारावर गप्पांना शंभर जण सहज जमतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या पारनेर तालुक्याने देशाला जाब विचारायला शिकवलं, असं आम्ही अभिमानाने सांगतो. ते खोटंही नाही. 2003च्या ऑगस्टमध्ये राळेगणच्या अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी आझाद मैदानावर उपोषण केलं. त्याच वर्षी मंत्र्यांवरच्या त्यांच्या आरोपांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. आयोगाने 2005मध्ये तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला. पण त्याच अहवालात अण्णांच्या हिंद स्वराज ट्रस्टचीही झडती होती. अण्णांच्या वाढदिवसाच्या समारंभावर ट्रस्टचे 2 लाख 20 हजार रुपये खर्च झाले, ते आयोगाने बेकायदा ठरवले. भक्तांनी ते पान उलटलं, विरोधकांनी तेवढंच वाचलं. अख्खा अहवाल वाचलेला माणूस मला आमच्याकडे क्वचितच भेटला. मला मात्र तो अहवाल आवडतो. विचारणाऱ्यालाही त्यात सूट नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात उत्तर मिलिमीटरमध्ये मिळतं. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. सरपंच झाल्यावर पोपटराव पवारांनी गावाला ही सवय लावली. आकड्यांपुढे भाऊबंदकी चालत नाही, हे त्यातलं मोठं सुख. तरीही एका माणसाभोवती उभं राहिलेलं गाव त्या माणसाला कितपत विचारू शकतं, ही शंका मला राळेगणबद्दल वाटते तशी हिवऱ्याबद्दलही वाटते.

ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये सूचक असतो, अनुमोदक असतो, ‘सर्वानुमते मंजूर’ असतं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसतं. ओळखीच्या एका बाईंनी 15 ऑगस्टच्या सभेत घरकुलाच्या यादीबद्दल विचारलं आणि हट्टच धरला, ‘मी विचारलं ते लिहा. उत्तर मिळालं नाही, तेही लिहा.’ ग्रामसेवकाने सरपंचांकडे पाहिलं, मग लिहिलं. सरपंच त्यांचे चुलत दीर. दिवाळीत दोन्ही घरांतून फराळाची ताटं नेहमीसारखी गेली-आली. यादीचं उत्तर अजून यायचंय.