तीन तबकड्या, एक गाणं

एकाच गाण्याच्या तीन तबकड्या समोर आल्या की मी आधी वेग बघतो, गाणं नंतर. प्लेअरवर रेघांची चकती ठेवायची आणि वर चोकची ट्यूबलाइट लावायची. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. त्या उजेडात 33⅓ फेऱ्यांना 180 रेघांचं कडं, 45 ला 133 रेघांचं आणि 78 ला 77 रेघांचं कडं जागच्या जागी थांबल्यासारखं दिसलं पाहिजे. रेघा पुढं सरकायला लागल्या तर मोटर पळतीय, मागं गेल्या तर रेंगाळतीय. एलईडीखाली हे बऱ्याचदा नीट कळत नाही. म्हणून घरातल्या सगळ्या ट्यूब बदलल्या तरी माझ्या खोलीतली जुनी पट्टी मी काढू दिलेली नाही. वेग किंचित चढा असला की गाणं तरतरीत वाटतं, आणि मोटरमुळं जे झालं त्याचं श्रेय तबकडीला जातं.

मग आवाज जुळवायचा. दोनांतलं जे जोरात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. दोन गाण्यांची छोटी तबकडी बहुधा जोरात कापलेली असते, भरगच्च एल.पी. दबकी. ते सारखं केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. ही कामं मी रात्रीच करतो. बिद्रीत कारखान्याचा हंगाम चालू असला की गारगोटी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप चढ्या आवाजात.

आमचा धंदा मंडप आणि स्पीकरचा. आबांच्या काळात लोखंडी पेटीत तबकड्या, सायकलच्या कॅरिअरला कर्णा, आणि मुदाळ, मुरगूडपासून गारगोटीपर्यंतची लग्नं, जत्रा, म्हाई. त्या पेटीतच मला पहिल्यांदा कळलं की गाण्याची लांबी गाणारा ठरवत नाही. दहा इंची 78 च्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. पोवाड्याच्या तबकडीवर म्हणून ‘भाग 1’, ‘भाग 2’ असं छापलेलं असायचं. शाहीर गडाच्या पायथ्याशी पोचला की बाजू संपायची. आबा तबकडी इतक्या चटकन पलटायचे की पारावरचा माणूस विडीचा झुरका घेईस्तोवर शाहीर पुन्हा चढायला लागलेला असायचा. पण ज्यानं तो पोवाडा बसवला त्याला कुठं थांबायचं हे आधीच ठरवावं लागलं असणार. ऐन प्रसंगावर तोडायचं की श्वास घ्यायच्या जागी? चांगला शाहीर प्रसंगावर तोडतो, म्हणजे पलटेपर्यंत ऐकणारा उठत नाही.

बालगंधर्वांची पदं रंगभूमीवर वन्समोअर घेत वाढत जायची आणि तबकडीवर तीन मिनिटांत आटोपायची, हे आपण जाणतो. आमच्या कोल्हापूरच्या दरबारात राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची, आणि 1977 साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली ती तीच. ती ऐकताना एक गोष्ट दर वेळी जाणवते. मोठ्या मैफलीचा तुकडा तोडून दिलाय असं ते गाणं नाही. साडेतीन मिनिटांत जेवढं मावेल तेवढ्याचंच ते बांधलेलं आहे. घाई नाही, आणि काही राहून गेलं असंही नाही.

म्हणून छोटी आवृत्ती म्हणजे कमअस्सल, असं मी मानत नाही. हां, तबकडीची स्वतःची कुचंबणा असते. बारा इंची एल.पी.च्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर वेगानं सरकते, आणि मधल्या कागदापाशी पोचेपर्यंत तो वेग 21 वर येतो. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. सात इंची 45 ची सुरुवातच 40 च्या आसपास. आणि बारा इंची तबकडी 45 नं फिरवली तर कडेला 69. एका बाजूला एकच गाणं ठेवून ते असं ऐसपैस कापलं की ढोल छातीवर येतो.

सत्तरीतल्या एका मराठी चित्रपटातली लावणी माझ्याकडं ई.पी.वर आहे आणि एल.पी.वरही. एल.पी.वर ती बाजूच्या शेवटी आलीय. गाणारीचे ‘स’ आणि ‘च’ तिथं चरचरतात, घुंगरू पत्र्यासारखं वाजतं. ई.पी.वर तेच अक्षर स्वच्छ. पण ई.पी.वर दुसऱ्या अंतऱ्याआधीचा ढोलकी-तुणतुण्याचा तुकडा अर्ध्यावर आणलाय, आणि शेवटी आवाज हळूहळू उतरवत नेलाय. लावणी अशी विरून जात नसते. ढोलकीनं तोडा घ्यायचा आणि समेवर धाडकन थांबायचं, तर ती संपली. चित्रपटात तीच लावणी आणखी लांब आहे, एक अंतरा जास्तीचा, त्यात फड आणि शिट्ट्या. तिन्ही पाठोपाठ ऐकल्या की कळतं, कापणाऱ्यानं शब्दांना हात लावला नाही, वाजवणाऱ्याची जागा घेतली. माझं मन एल.पी.कडं झुकतं. चरचर मी सोसतो, तो तुकडा हवा म्हणून.

लांबवण्याची गरज मला समजली ती ‘कुर्बानी’मुळं. 1980 चा चित्रपट, त्यात नाझिया हसननं गायलेलं, बिद्दू यांनी बांधलेलं ‘आप जैसा कोई’. वरातीत ते लागलं की पोरं थांबायला तयार नसत. “आबा, बंद करू नगा, परत लावा की!” आबा सुई उचलून अंदाजानं मधल्या संगीतावर ठेवायचे, गाणं गाडीवाटेच्या चाकोरीत पडल्यागत पुन्हा त्याच मार्गानं चालू. नाचणाऱ्यांना जोड कळायचासुद्धा नाही.

अमेरिकेत त्याआधी काही वर्षं हेच घडलं होतं. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर टॉम मोल्टन यांनी बघितलं की लोक रंगात येतात तोवर तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि ते नाच सोडून जातात. त्यांनी टेप जोडून गाणी लांबवली. पुढं अशीच एक प्रत काढायला सात इंची कोऱ्या तबकड्या उरल्या नव्हत्या म्हणून मोठ्या तबकडीवर कापली, आणि आवाज कसा खुलतो ते उमगलं. 1976 मध्ये ‘डबल एक्स्पोजर’चं ‘टेन पर्सेंट’ बारा इंची सिंगल म्हणून बाजारात आलं. वॉल्टर गिबन्स यांनी तीनेक मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या पुढं नेलं होतं. नेलं कसं, तर गायकाला गप्प करून ताल उघडा केला, एकेक वाद्य सुटं केलं, मग पुन्हा सगळी जमवली. पहिल्या प्रतीत जे दाटीनं बसलं होतं त्याला जागा दिली. 1983 च्या ‘न्यू ऑर्डर’च्या ‘ब्लू मंडे’ची गोष्ट आणखी वेगळी. ते बारा इंची साडेसात मिनिटांचंच जन्मलं. त्याला छोटं करून ऐकणं म्हणजे दाराशीच बोलून परत पाठवणं.

आता धंदा पुतण्या बघतो. डॉल्बीच्या भिंती, लॅपटॉप, आणि त्याच लावणीचं रिमिक्स. मिरवणुकीला ते लागतंच. परवा त्यानं ते मला ऐकवलं. मुखड्याचा एकच तुकडा पुन्हापुन्हा, खाली धडाम धडाम, पाच मिनिटं. मी म्हटलं, “ढोलकी कुठाय रं?”

“काका, ढोलकी मागं ठेवलीय. बीट पडायला पायजे न्हवं.”

मला नाचण्याचं वावडं नाही, आमचं पोटच त्यावर चाललंय. पण बैठकीच्या लावणीत एकच ओळ किती वेळ चालते हे त्यानं ऐकलेलं नाही. यमुनाबाई वाईकरांसारखी गाणारी तीच ओळ पुन्हा घेते तेव्हा दर खेपेला तिचा रोख बदलतो. कधी रुसवा, कधी लाडीगोडी, कधी सरळ टोमणा. लांब लावणी आपल्याकडं आधीपासून आहे, तबकडीनं ती आखडून घेतली एवढंच. ती पुन्हा सोडवायची तर जागा ढोलकीला आणि गाणारीला द्यायला हवी.

एल.पी.वरचा तो अंतऱ्याआधीचा तुकडा मी त्याला कॉम्प्युटरवर उतरवून दिलाय. सुरुवातीची सोळा मात्रांची ढोलकी उघडी ठेव, बाकी खाली तुझं काय ते धडाम घाल, असं सांगितलंय. तो म्हणतो, पोरं तेवढा वेळ थांबायची नाहीत. मी म्हणतो, गणपतीला एकदा लावून तर बघ.