श्वासनलिकेतला पाहुणा

स्टेंट म्हटलं की नातेवाइकांना हायसं वाटतं. कुणा काकांच्या हृदयात तो बसलेला असतो आणि काकांचं छान चाललेलं असतं. पण हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या स्टेंटवर अस्तर चढतं, तो तिथलाच होऊन जातो. श्वासनलिका मात्र खोकताना, गिळताना दिवसभर हलते. तिथे तो कायम परका राहतो.

मुलुंड-घाटकोपरकडून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत काहींची श्वासनलिका व्हेंटिलेटरच्या नळीच्या फुग्याने दाबली जाऊन नंतर आवळलेली असते, काहींची क्षयाने. व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा हिशेबाने १६ पट होतो. माणूस जिना चढताना शिट्टीसारखा आवाज करू लागतो. स्टेंट बसला की तो आवाज थांबतो, आणि माझी खरी काळजी तिथून सुरू होते.

सगळ्यात चिवट शत्रू कफ. निरोगी अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ सतत वर ढकलत असतात. स्टेंटच्या सिलिकॉनवर ते नसतात. कफ चिकटतो, वाळतो, त्याला दुर्गंधी येते, कधी नळीच बुजते. म्हणून रोज मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन. बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडणारा रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, दुपारचं कुठे घेऊ?’ प्रश्न रास्त आहे. बॅटरीवरचं छोटं यंत्र परवडेल का, हे मी स्टेंट टाकण्याआधीच विचारतो.

फ्रान्समधल्या मार्सेच्या डॉ. द्युमाँ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिलिकॉन स्टेंटला बाहेरून बारीक उंचवटे असतात, सरकू नये म्हणून. तरी जोरदार खोकल्याने तो सरकतो. कडा घासून दोन्ही टोकांना मांस वाढतं. धातूच्या स्टेंटच्या जाळीतून तर ते आरपार वाढतं आणि मग जाळी काढताना श्वासनलिका फाटण्याची भीती. कर्करोग नसलेल्या रुग्णांत धातूचा स्टेंट इतर उपाय संपल्यावरच वापरा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. मला तो पूर्ण पटतो. तरुण रुग्ण असेल तर आवळलेला भाग कापून टोकं जोडता येतील का, हे आधी सर्जनला विचारायचं. कर्करोगाने श्वास कोंडलेल्या माणसाचं गणित वेगळं; तिथे मी धातूचा स्टेंट टाकायला कचरत नाही.

घरी जाताना मी कार्ड देतो: स्टेंट कुठे आहे, किती लांब, किती रुंद. अंधेरीत रस्त्यात धाप लागली तर रुग्णवाहिका कुठल्याही रुग्णालयात नेईल. तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं की श्वासाची नळी घालावीच लागली तर लहान, फुगा नसलेली घाला, आणि शक्यतो दुर्बिणीतून बघत. ते कार्ड मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा, आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाकडे असू द्या.