तेलाचा काटा

इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. काटा तीस पौंडांवर होता. वीस मिनिटांत इंजिन तापलं आणि काटा पाचाच्या खाली येऊन थरथरू लागला. चाचांनी काही न बोलता इंजिन बंद केलं.

मलिहाबाद म्हटलं की कुणाला जोश आठवतात, कुणाला दसहरी आंबा. मला हरदोई रस्त्यावरचं ते पत्र्याचं गॅरेज आठवतं. वडिलांची जुनी डिझेल जीप मी नोकरीबरोबर पुण्याहून लखनौला आणली होती. तिचं इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधायचं ठरलं. दर रविवारी मी मलिहाबादला जायचो आणि चाचांच्या हाताखाली काम करायचो. मे सरत आला होता. जूनमध्ये दसहरी उतरू लागते, आणि शेजारच्या बागवाल्याला आंब्याच्या पेट्या मंडीत न्यायला जीप देण्याचा शब्द मी देऊन बसलो होतो.

पंप प्रेशर तयार करतो अशी माझी समजूत होती. तसं नसतं. पंप फक्त तेल ढकलतो. ते तेल क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या बारीक फटीत अडतं, त्या अडण्यातून प्रेशर येतं. फट वाढली किंवा तेलाला भलतीकडे वाट मिळाली, की काटा खाली येतो. थंड तेल घट्ट असतं, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक दिसतं.

हे कळल्यावर माझा संशय थेट बेअरिंगवर गेला. क्रँक लखनौला नेऊन दहा थाऊ घासून आणली होती चाचांनी, बेअरिंगही त्यांनीच आणली होती. मी विचारलं, "चाचा, माल कुछ हल्का तो नहीं लग गया?"

त्यांनी हात पुसले. म्हणाले, "नाप लीजिए."

पण मापायच्या आधी त्यांनी मला बाकीचं करायला लावलं. आधी काटाच खोटा नाही ना? सेन्सर काढून तिथे साधं मेकॅनिकल गेज लावलं. तेही पाचच दाखवत होतं. तेलाची पातळी बरोबर होती. बागवाला म्हणाला, जाड तेल भरा, काटा चढेल. चाचांनी मान हलवली. काटा चढला असता, पण बिघाड जिथल्या तिथे राहिला असता. मग रिलीफ व्हॉल्व्ह काढला. त्यात कचरा अडकला तर तो उघडाच राहतो आणि तेल परत चेंबरमध्ये पडतं. तो स्वच्छ होता, स्प्रिंग शाबूत होती. चेंबर खाली घेतलं. जाळी मोकळी, पंपाची गॅप फीलरनं पाहिली, ठीक.

शेवटी बेअरिंग. पुण्याहून आणलेल्या प्लास्टिगेजचा धागा मी क्रँकवर ठेवला, कॅप ठरल्या ताकदीनं आवळली, पुन्हा सोडली. धागा चपटा होऊन जेवढा पसरतो त्यावरून फट कळते. दोन इंचांच्या जर्नलला दोन थाऊच्या आसपास हवी. प्रत्येक कॅपखाली तेवढीच निघाली. चाचा पलीकडे चहा पीत होते. मी आकडे वाचून दाखवले नाहीत, त्यांनीही विचारले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी बागेतून फवारणीचा एक कोरा पंप मागवला. मोहोरावर औषध मारतात तसला. त्यात तेल भरलं, नळी सेन्सरच्या भोकाला जोडली आणि हवा मारायला सुरुवात केली. आम्ही दोघं जीपखाली आडवे झालो. बेअरिंगांमधून थेंब पडत होते, एकसारखे. पुढून मात्र, टायमिंग कव्हरच्या आतून, तेलाची सलग धार लागली होती.

कव्हर काढलं. ब्लॉकमधून लांबलचक जाणाऱ्या तेलाच्या गॅलरीचं तोंड उघडं होतं. तिथे एक छोटा आट्यांचा प्लग असतो. गॅलरी आतून धुवायची म्हणून तो मीच काढला होता, आणि "वापस लगा दिया" असं मीच सांगितलं होतं. ब्रश, डिझेल, तारा, सगळं करून मी त्या दिवशी घाईनं लखनौची बस पकडली होती. प्लग माझ्याच बोल्टांच्या डब्यात तळाशी सापडला.

मी म्हणालो, "चाचा, उस दिन जो कहा..."

"पहले इसे कस दीजिए," ते म्हणाले. प्लग बसवताना त्यांनी टॉर्च धरली. मग स्वतः पाना लावून पाहिला. माझ्या शब्दावर त्यांनी कव्हर पुन्हा लावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तापलेल्या इंजिनावर आयडलला पंधरा, रेस केल्यावर पंचेचाळीस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेट्यांची पहिली खेप घेऊन आम्ही मंडीकडे निघालो. चाचा शेजारी बसले होते. मी दर मिनिटाला काट्याकडे पाहत होतो. त्यांनी एकदाही पाहिलं नाही.