गवत, बुरशी आणि तिसरा

अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांबद्दल परवा वाचत होते. तिथल्या तापलेल्या मातीत एक साधंसं गवत उगवतं. त्याच्या आत कर्व्हुलारिया नावाची बुरशी राहते. गवत एकटं ३८ अंश सेल्सियसच्या वर टिकत नाही, बुरशीही एकटी टिकत नाही. दोघं एकत्र असली, की ६५ अंशांपर्यंत तापलेल्या मातीतही जगतात!

खरी गंमत २००७ साली कळली. या बुरशीच्या आत एक विषाणू असतो. तो काढून टाकला, तर गवताला उष्णता सोसेना. परत घातला, की सोसतं. ज्याला आपण रोग म्हणून हाकललं असतं, तोच आधार!

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. "मला कोणाची गरज नाही" हे तिचं पालुपद. समोरच्या काकू रोज नको नको त्या चौकशा करतात म्हणून ती वैतागते. मागे त्या आठ दिवस गावाला गेल्या, तर आई फोनवर अगदी गप्प गप्प.

तिला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे त्या विषाणू का गं?"

किती दिवसांनी हसली!

असो. काकू परत आल्यात. चौकशा सुरू आहेत.