गरी मागाहून, आधी तिथी

सुट्टीत घाटावरची पाहुणी पोरे आली, की "गरवायला कोणती गरी घेऊ?" असे विचारतात. मी म्हणतो, गरी मागाहून. आधी आज तिथी कोणती ते सांगा.

तुम्हीही हा हिशेब ध्यानात ठेवा. पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली, की आमच्या कोकणच्या खाडीत भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासे कळते. अष्टमीला ६ च्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी संथ. नवख्याने भांगातच जावे.

पाणी चढू लागले की तांबोशी, शेंगाळे तिवरांच्या मुळांशी चरायला येतात. काठावरूनच कोलंबी लावलेली गरी सोडावी. उथळ पाण्यावर सावली पडली तरी मासा बुजतो, म्हणून ऊन समोर घ्यावे.

पाण्यात उतरलात तर पाय घासत चाला. चिखलात पाकट दडलेली असते. पाय घासला की ती आपण होऊन सरकते. तिचा नि शेंगाळ्याचा काटा विषारी. लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा आणि डॉक्टर गाठावा.

पण खरे भय पाण्याचे. ओहोटीला चिखलावरून पुढे गेलेल्या माणसाची नजर समोर असते, आणि भरती मागचे ओहोळ आधी भरते. परतीची वाट अशीच बुडते. पाणी फिरले की गरी गुंडाळा नि काठ गाठा. मासा उद्याही मिळेल.