रिती नऊ वर्षे

नऊ वर्षांच्या खंडानंतर आमच्या सौभाग्यवतींनी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करावयाचे ठरविले, तेव्हा मसुद्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. निवड-समित्यांवर बसून अर्ज चाळणाऱ्यास ते काय अवघड? परंतु २०१४ ते २०२३ या वर्षांपाशी लेखणी अडली. अशाच रित्या जागी आम्ही आजवर कित्येकांच्या अर्जांवर प्रश्नचिन्ह काढले होते!

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली खरी. पण अंथरुणास खिळलेल्या सासूच्या शुश्रूषेला त्या कायद्यात जागा नाही. आणि ती सासू म्हणजे आमच्याच मातोश्री. त्या नऊ वर्षांत आमची दोन पुस्तके निघाली, बढतीही झाली.

आम्ही ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ असे लिहून दिलगिरीची दोन वाक्ये जोडली. सौभाग्यवतींनी ती खोडली आणि लिहिले, ‘नऊ वर्षे सासूबाईंची शुश्रूषा केली. वाचन सुटू दिले नाही.’

“दिलगिरी कसली?” त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जागा मिळेल न मिळेल. परंतु दुसऱ्याच्या अर्जातील रित्या वर्षांवर प्रश्नचिन्ह काढण्यापूर्वी, ती वर्षे कोणाच्या पदरात पडली, हे आता आम्ही आधी विचारू.