अव्वाचं सूप

ऑफिसमध्ये कुणी गाव विचारलं की माझं उत्तर रेडी असतं. 'सोलापूर. आजोबांचे चादरींचे माग होते.' समोरचा 'वॉव, सोलापुरी चादर!' म्हणतो आणि विषय संपतो. आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची, हे काही माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

परवा आत्याचा फोन आला. साखर पेठेतली जुनी खोली रिकामी करायची होती. 'तुला काय पाहिजे ते घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देते.' शुक्रवारी ऑफिसमधून थेट पुणे स्टेशन गाठलं आणि हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. 1931 मध्ये येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांची आठवण या गाडीच्या नावात आहे. पाचवीपर्यंत सोलापुरात राहूनही मला त्यातलं एकच नाव आठवलं. मल्लप्पा धनशेट्टी. लाज वाटली.

सकाळी साखर पेठेत शिरले आणि कानांनी गाव ओळखलं. खटखट, खटखट... यंत्रमागांचा तोच आवाज. सोलापूरच्या या पूर्व भागात गल्ल्या मराठी बोलतात आणि घरं तेलुगू. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पोटासाठी इथे आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. नारळी पौर्णिमेला इथून मार्कंडेय महाऋषींचा रथ निघतो, तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते. लहानपणी मी त्या गर्दीत दोनदा हरवले होते.

खोली दहा बाय बाराची. दाराजवळ भिंतीला अव्वाचं सूप टेकवलेलं होतं, आणि तो वास! तंबाखूचा. शाळेत मैत्रिणी नाक मुरडायच्या म्हणून मी युनिफॉर्म खिडकीबाहेर वाळत घालायचे.

'आजोबांचे माग कुठे असायचे गं?' मी आत्याला विचारलं.

ती हसायलाच लागली. 'माग? आपले? अगं, दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला होते ते. आठवड्याचा पगार, तोही सूत आलं तर. तुला कोणी सांगितलं?'

कोणी म्हणजे बाबांनी. 'आजोबांनी माग विकला आणि मला डिप्लोमाला घातलं,' ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती.

आत्यानं पत्र्याची पेटी पुढे सरकवली. आत अव्वाची विडी कामाची वही होती. रोज किती विड्या दिल्या, किती घेतल्या, सगळे आकडे. कधी आठशे, कधी हजार. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हे हजार वेळा केलं की एक दिवसाचं काम पूर्ण. शिवाय कारखान्यात तपासणारा खराब म्हणून बाजूला काढणार ती 'छाट' वेगळी. तिचे पैसे नाहीत.

वहीखाली पीएफचे कागद. विडी कामगारांना 1977 पासून पीएफ लागू झाला. अव्वानं एकदाच उचल घेतली होती. कारण, मुलाचं शिक्षण. सहीच्या जागी अंगठा.

म्हणजे माग नाही... विड्या. माझं इंजिनिअरिंग, माझा हिंजवडीतला जॉब, सगळ्याची सुरुवात या सुपात होती.

दुपारी आत्याबरोबर तिच्या घरी कुंभारीला गेले. विडी कामगार बायकांसाठी उभारलेली इथली 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत. 2006 मध्ये चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. आत्यानं घराला निळा रंग दिलाय. 'हे मात्र आपलं हं,' ती म्हणाली, 'माझ्या नावावर.' कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. आत्या ओट्यावर बसून जेवता जेवता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, 'नरसव्वाची नात. पुण्याहून आली.' माझी इथली ओळख एवढीच, आणि ती सगळ्यांना पुरत होती.

रात्री बाबांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण एवढंच म्हटलं, 'बाबा, अव्वाची वही सापडली.'

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, 'छाट लिहिलीय का त्यात? बघ जरा. रात्री जागून माझं पण वळून व्हायचं तिच्याबरोबर. माझी छाट जास्त निघायची.'

मी वही उघडली आणि एकेक आकडा वाचून दाखवायला लागले.

जायचंय? पुण्याहून रेल्वेनं साधारण चार तास. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला तर बघालच. पण एक सकाळ पूर्व भागासाठी ठेवा. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते. चादर आणि शेंगाची चटणी घेतल्याशिवाय परतू नका.